फेस आला म्हणजे विषच, असं नसतं: घणसोलीच्या ब्रुनोबद्दल सविस्तर उत्तर

घणसोलीहून आलेला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ब्रुनो, सात वर्षांचा काळा लॅब्रॅडॉर, वजन ४१ किलो. मे महिन्यातला तिसरा शनिवार. सकाळी सातला फिरून आला, नेहमीसारखं खाल्लं. सव्वाअकराला घरातले सगळे साखरपुड्यासाठी डोंबिवलीला निघाले. ब्रुनोला मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली बांधलं, जवळ पाण्याची बादली ठेवली. एक वाजता वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला उभं राहून भुंकताना पाहिलं. पावणेचारला मंडळी परतली तेव्हा तो आडवा पडून धापा टाकत होता, तोंडाला चिकट लाळ, मागे रक्ताचे जुलाब. चार वीसला दवाखान्यात ताप १०८.४ फॅरनहाइट. साडेचारच्या सुमारास टेबलावर पहिला झटका आला आणि पाच पन्नासला तो गेला. त्याच रात्री मुरबाडला मामांच्या शेतात पुरलं. दुसऱ्या दिवशी अंगणाच्या कोपऱ्यात वडापावचा तेलकट कागद सापडला, आणि मागच्या घरातले गृहस्थ महिन्याभरापूर्वी "एक दिवस याला काहीतरी घालीन" असं म्हणाले होते ते सगळ्यांना आठवलं. डॉक्टर म्हणतात उष्माघात. कुत्री पाळणारे एक मित्र फोटो बघून म्हणतात, तोंडाला फेस आहे, विषच. आज सहावा दिवस. पोलिसांत जायचंय, पण खात्री नाही.

ब्रुनो गेल्याचं मला मनापासून वाईट वाटलं. सात वर्षं घरात वावरलेला जीव असा काही तासांत जातो तेव्हा कुणीतरी जबाबदार असलं पाहिजे असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. तरीही आधी माझं मत सांगून टाकतो: तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून मला हा उष्माघात वाटतो. विषाची शक्यता शून्य आहे असं मी म्हणत नाही, आणि ती तपासायला अजून दोन जागा शिल्लक आहेत. त्यातली एक आजच्या आज धरली पाहिजे, म्हणून तेवढं आधी करा आणि मग पुढचं वाचा. दवाखान्यात फोन करा, ब्रुनोच्या रक्ताची नळी किंवा वेगळा काढलेला सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) फ्रिजमध्ये आहे का विचारा, आणि असेल तर फेकू नका म्हणावं. काही ठिकाणी आठवडाभर नमुने ठेवतात, मग टाकून देतात.

आता फेसाबद्दल. फेस, रक्त आणि झटके या तीन गोष्टी बघून लोक विषाचा निकाल देतात. पण उष्माघातातही या तिन्ही दिसतात. फुफ्फुसांत पाणी साचलं की शेवटच्या श्वासांबरोबर त्याचा फेस होऊन नाकातोंडातून येतो. ते पाणी उष्णतेने साचलं, कीटकनाशकाने साचलं की हृदय बंद पडताना साचलं, हे फेस सांगत नाही. शरीर १०७-१०८ च्या पुढे गेलं की आतड्यांचं अस्तर सोलून निघतं आणि रक्ताचे जुलाब होतात. रक्त गोठवणारे घटक रक्तवाहिन्यांच्या आतच खर्च होऊन जातात, मग हिरड्यांवर, पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात. मेंदू तापला की झटके येतात. उलट बाजूनेही तीच पंचाईत: कुचल्याच्या विषाने, काही कीटकनाशकांनी जोरदार झटके आले की स्नायूंच्या त्या कामामुळेच ताप १०६-१०७ वर चढतो. प्रेत लवकर ताठरणं दोन्हीकडे होतं. म्हणजे मेलेलं कुत्रं समोर ठेवलं आणि "काय झालं सांगा" म्हटलं, तर नुसत्या नजरेने प्रामाणिक माणूस सांगू शकत नाही.

हे मी एका माणसाचं नुकसान करून शिकलोय. १९९९ चा मे, मी ठाण्यात नौपाड्याला पशुवैद्य म्हणून नुकता बसायला लागलो होतो. कोपरीतल्या एका सोसायटीतला बॉक्सर जातीचा कुत्रा दुपारी गच्चीवर मेलेला सापडला. तोंडाला गुलाबी फेस, खाली रक्ताचं थारोळं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी म्हणालो, "विषबाधा दिसतेय." मी तेवढंच म्हणालो. सोसायटीचा वॉचमन त्या कुत्र्याला रोज चपाती घालायचा. संध्याकाळपर्यंत त्याची नोकरी गेली होती. मी पोस्टमॉर्टम केलं होतं आणि शिकवलेल्या सवयीने अवयवांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रावणात, टाकून परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवले होते. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: हृदयाच्या आतल्या पडद्याखाली रक्तस्राव, यकृताच्या पेशी मेलेल्या, मूत्रपिंडाच्या नलिका खराब, सगळं चित्र उष्णतेचं. विषासाठी वेगळ्या ठेवलेल्या व्हिसेऱ्यात, म्हणजे आतल्या अवयवांच्या नमुन्यांत, पुढे काही सापडलं नाही. बॉक्सरचं नाक चपटं, गच्ची डांबरी, जिन्याचा दरवाजा वाऱ्याने लागलेला. मी त्या वॉचमनला शोधायला गेलो, तो गावी निघून गेला होता. तेव्हापासून प्रेताशेजारी उभं राहून मी "विष" हा शब्द उच्चारत नाही.

मग ठरवायचं कशावरून? क्रमावरून आणि घड्याळावरून. आधी काय झालं आणि नंतर काय, हे जेवढं बारकाईने कळेल तेवढं उत्तर स्वच्छ होत जातं.

तापलेलं कुत्रं आधी धापतं. जीभ रुंद होऊन, चमच्यासारखी वळून बाहेर लोंबते, हिरड्या विटेसारख्या लाल होतात, लाळ घट्ट आणि तारेसारखी होते, कारण अंगातलं पाणी आटलेलं असतं. मग तोल जातो, उलटी, जुलाब, आणि सर्वांत शेवटी झटके. शेतीच्या कीटकनाशकाने, म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातल्या औषधाने बाधलेलं कुत्रं वेगळं दिसतं. त्याची लाळ पाण्यासारखी पातळ आणि भरपूर असते, डोळ्यांतून पाणी, लघवी-संडास आपोआप सुटलेली, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक, आणि कातडीखाली स्नायू असे फुरफुरतात की आत किडे वळवळताहेत असं वाटावं. नाडी अनेकदा मंद लागते. उष्माघातात ती धावत असते. जिवंतपणी हे पाहणारा कुणी असेल तर अर्धं काम झालं. मेल्यावर बाहुल्यांचा भरवसा नाही, त्या आपोआप बदलतात. आणि उपचारात ॲट्रोपिन दिलं असेल तर त्या औषधानेच मोठ्या होतात. तुमच्या कागदावर ॲट्रोपिन लिहिलेलं आहे, चार पंचेचाळीसला. म्हणजे मित्रांनी ज्या फोटोवरून डोळ्यांबद्दल मत दिलं तो सव्वापाचचा फोटो त्या कामाला उपयोगाचा नाही.

उंदरांच्या गोळ्यांनी म्हणजे ब्रोमॅडिओलोन वगैरे औषधांनी इतक्या झटपट मृत्यू येत नाही. ती औषधं के जीवनसत्त्वाचं काम अडवतात आणि रक्तस्राव सुरू व्हायला दोन-तीन ते पाच दिवस जातात. कुत्रं आधी मलूल होतं, धाप लागते, लंगडतं, ताप फारसा नसतो, आणि छातीत किंवा सांध्यात मोठा रक्तस्राव सापडतो. ब्रुनो सकाळी उड्या मारत फिरून आला होता, तेव्हा हे इथे बसत नाही.

झिंक फॉस्फाइडचं मात्र बसू शकतं, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहितो. उंदीर मारायची ती काळपट करडी पूड. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो, आणि पंधरा मिनिटांपासून चार तासांपर्यंत लक्षणं सुरू होतात. ऐरोलीत काही वर्षांपूर्वी जानेवारीच्या एका पहाटे एकाच गल्लीत तीन भटकी कुत्री, एक मांजर आणि एक कावळा मेलेले सापडले. जानेवारीची पहाट, त्यामुळे उष्माघाताचा प्रश्नच नव्हता. एवढी वेगवेगळी जनावरं एका जागी मरणं हाच मोठा पुरावा असतो. पहिल्या कुत्र्याचं पोस्टमॉर्टम मी मुद्दाम उघड्या गच्चीवर केलं, वारा पाठीवर घेऊन, कारण तो वायू उघडणाऱ्यालाही बाधतो. जठराला चीर दिली तशी कुजलेल्या मासळीत लसूण ठेचल्यासारखा वास आला. आत मटणाचे न पचलेले तुकडे होते आणि त्यांच्या दुमडीत शिसपेन्सिलीच्या टोकाच्या भुकटीसारखी करडी पूड चिकटलेली. जठराचं अस्तर गडद लाल. ते सगळं दोन काचेच्या बरण्यांत, झाकण घट्ट लावून लगेच गोठवलं. फॉस्फीन उडून जातो. बरणी सैल राहिली तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वायू उरत नाही.

तुम्ही लिहिलंय की ब्रुनोच्या उलटीवर माश्या घोंगावत होत्या आणि मुंग्यांची रांग लागली होती. ही ओळ तुम्ही सहज लिहिली असेल, पण मी तिच्यावर थांबलो. कीटकनाशक असलेल्या आमिषाभोवती, उलटीभोवती बरेचदा मेलेल्या माश्या आणि मुंग्या पडलेल्या दिसतात. तुमच्याकडे त्या जिवंत होत्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही जिवंत होत्या. हा काही कोर्टात टिकणारा पुरावा नाही आणि झिंक फॉस्फाइडबद्दल तो काही सांगत नाही, पण फवारणीच्या औषधाविरुद्ध जाणारं हे साधं निरीक्षण आहे.

आता तुमच्या दवाखान्याचा कागद. त्या डॉक्टरांनी घाईतही तीन गोष्टी फार चांगल्या केल्या आहेत. एक, आल्या आल्या ताप घेतला आणि वेळ लिहिली. चार वीसला १०८.४, आणि पहिला झटका साडेचारला. म्हणजे ताप झटक्यांनी चढलेला नाही, तो आधीच चढलेला होता. निदान घरच्यांनी पाहिलेल्या वेळेत तरी झटका नव्हता. पावणेचारच्या आधीचं कुणी पाहिलेलं नाही, एवढी फट राहते. दोन, साखर तपासली, ती ४८ निघाली. उष्माघातात साखर खाली जाणं नेहमीचं आहे. तीन, रक्ताची काच केली, म्हणजे थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. त्या काचेवर "केंद्रक असलेल्या लाल पेशी, शंभर पांढऱ्यांमागे २६" अशी नोंद आहे. साध्या कुत्र्याच्या रक्तात अशा कच्च्या लाल पेशी जवळपास दिसत नाहीत. अस्थिमज्जेला उष्णतेचा मार बसला की त्या वेळेआधीच रक्तात येतात, आणि उष्माघाताच्या कुत्र्यांमध्ये त्या ठळकपणे वाढलेल्या सापडतात. जितक्या जास्त, तितकं जगणं कठीण. काही तासांत मारणाऱ्या विषांत हे चित्र सहसा असं दिसत नाही. माझं मत सर्वांत जास्त झुकवणारी गोष्ट हीच.

प्लेटलेट ४१,००० आहेत. त्या उष्माघातात कमी होतातच, पण आपल्या भागात गोचीड तापानेही होतात, आणि घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात गोचीड बारमाही आहेत. त्यामुळे या एका आकड्यावर मी काही बांधणार नाही. आधीपासून गोचीड ताप दबून असेल तर मात्र तो उष्णतेला लवकर बळी पडला असेल.

तुम्ही विचारलंय, "तो सावलीत होता, पाणी होतं, मग उष्माघात कसा?" या प्रश्नात अपराधीपणा आहे हे मला दिसतंय, म्हणून जपून लिहितो. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजाच्या गाद्यांना येतो तेवढाच. त्याचा सगळा भार धापण्यावर, म्हणजे जिभेवरून आणि श्वासनलिकेतून पाण्याची वाफ होण्यावर असतो. हवा दमट असली की वाफ होत नाही. कुत्रं अजून जोरात धापतं, त्या मेहनतीने अजून तापतं. विदर्भात पारा ४४ ला असतो पण हवा कोरडी असते. आपल्याकडे ३६-३७ लाच खाडीवरची दमट हवा जीव घेते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने १४ माणसं दगावली, तेव्हाही पारा काही विदर्भासारखा नव्हता. आणि ती माणसं होती, घाम येणारी. ४१ किलोचा, चरबी धरलेला, काळा, दिवसाचा बराचसा वेळ एसीच्या खोलीत काढणारा लॅब्रॅडॉर त्याहून कच्चा. उष्णतेची सवय व्हायला शरीराला काही आठवडे लागतात. एसीत राहणाऱ्या कुत्र्याला ती होतच नाही.

आणि सावली. मुंबई-ठाण्यात मेच्या मध्याला, साधारण १५-१६ तारखेला, शून्य सावलीचा दिवस येतो. त्या आठवड्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर असतो, भिंतीची सावली भिंतीच्या पायाशी येऊन संपते. नंतर तो पश्चिमेला कलतो. तुम्ही पाठवलेल्या अंगणाच्या फोटोत शेडची उघडी बाजू पश्चिमेला आहे. म्हणजे सव्वाअकराला तुम्ही पाहिलेली सावली दोन वाजता तिथे नव्हती. वर उघडा पत्रा, त्याखाली तापलेली शहाबादी फरशी, मागे भिंत, वारा नाही. बादली कडेला आडवी पडलेली दिसते. साखळीचा वेढा तिच्याभोवती आहे. ती बहुधा त्याच्या ओढाताणीत कलंडली. एक वाजता काकूंनी ऐकलेलं भुंकणं कदाचित त्यासाठीच असेल. हे वाचून त्रास होईल, पण तुम्ही खरं उत्तर मागितलंत.

तुमचा यात निष्काळजीपणा होता असं मी म्हणणार नाही. अकरा वाजता बघणाऱ्या कुणालाही ती जागा सुरक्षित वाटली असती.

राहिला वडापावचा कागद. तो शनिवारी सकाळी तिथे होता का, हे कुणालाच आठवत नाही. कावळे आणि मांजरं असले कागद रोज इकडून तिकडे नेतात. तरीही तो टाकू नका. हातमोजे घालून किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून उचला, काचेच्या स्वच्छ बरणीत घाला, झाकण घट्ट लावा, वर तारीख, वेळ, कुठे सापडला ते लिहा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. ज्या टॉवेलने उलटी पुसली तो धुतला नसेल तर तोही तसाच, वेगळ्या बरणीत. दोन वस्तू एकत्र ठेवू नका. उचलताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, शेजारचं कुणी साक्षीदार म्हणून असू द्या.

सीरम सापडला तर त्यावर कोलिनएस्टरेजची तपासणी करता येते. हे रक्तातलं एक विकर, ऑरगॅनोफॉस्फेट त्यालाच अडवतं आणि मग त्याचा आकडा खाली जातो. ही माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्येही होते, पण त्यांच्या छापील मर्यादा माणसांच्या असतात. कुत्र्याचा आकडा त्यांच्याशी ताडून उपयोग नाही. म्हणून त्याच दिवशी, त्याच मशीनवर एखाद्या निरोगी कुत्र्याचा सीरम सोबत लावायचा. ब्रुनोचा आकडा निरोगी कुत्र्याच्या आसपास आला तर मारून टाकण्याइतकं ऑरगॅनोफॉस्फेट पोटात गेलं नव्हतं असं म्हणायला हरकत नाही. अगदी तळाला आला तर मी माझं मत बदलेन आणि तुमच्याबरोबर पोलिस ठाण्यात येईन.

मुरबाडला जाऊन प्रेत उकरावं का, हेही विचारलंत. सहा दिवस, मेची जमीन. पेशींची तपासणी आता होणार नाही, सगळं विरघळलेलं असेल, आणि उष्माघात सिद्ध करणाऱ्या खुणा त्या पेशींतच असतात. फॉस्फीन उडालेला असेल. जठरातल्या द्रव्यात काही कीटकनाशकं आणि धातू मिळू शकतात. पण ते तुम्ही स्वतः उकरून आणलंत तर कोर्टात त्याला किंमत नाही. पोलिसांकडे तक्रार, त्यांचं पत्र, पंचनामा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या हातून नमुने, सीलबंद बरण्या आणि मग कलिन्याची न्यायसहायक प्रयोगशाळा, असा तो रस्ता आहे. सीरमचा आकडा खाली आला तरच त्या रस्त्याने जा. नाहीतर त्याला तिथेच आंब्याखाली राहू द्या.

कायदा माहीत असलेला बरा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागू आहे: जनावराला मारणं, विष घालणं किंवा जायबंदी करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आधी भारतीय दंड संहितेत ४२८ आणि ४२९ ही दोन कलमं होती आणि जनावराच्या किमतीवरून भेद होता. तो आता नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही लावता येतो, पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये आहे, ही शरमेची गोष्ट आहे. त्या गृहस्थांनी दिलेली धमकी ही वेगळी बाब. तिची नोंद तुम्ही पोलिसांकडे जरूर करू शकता, पण "त्यांनी ब्रुनोला मारलं" असं लिहून नव्हे. आज तुमच्या हातात जे आहे त्यावर कुणाचं नाव घेणं योग्य नाही.

ज्यांच्या घरी अशी वेळ अजून आलेली नाही त्यांच्यासाठी चार ओळी. कुत्रं अचानक गेलं आणि शंका असेल तर पुरण्याची घाई करू नका. मोठ्या, केसाळ कुत्र्याचं प्रेत आतून तासन्‌तास गरम राहतं आणि यकृत काही तासांत विरघळायला लागतं. मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणा, प्रेत जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळा, वर-खाली बर्फ आणि गोणपाट. गोठवू मात्र नका. गोठलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेल्या दिसतात. शक्यतो बारा तासांत, फार तर चोवीस तासांत पोस्टमॉर्टम झालं पाहिजे. गेल्यावर लगेच गुदद्वारातला ताप घ्या, तासाभराने पुन्हा घ्या, आणि तो उन्हात होता की सावलीत ते लिहून ठेवा, कारण उन्हातलं प्रेत स्वतःच तापतं. पोस्टमॉर्टम करणाऱ्यांना दोन वेगळे संच मागा. एक फॉर्मॅलिनमध्ये, सेंटिमीटरभर जाडीचे तुकडे, दहापट द्रावणात, पेशींसाठी. दुसरा बिनफॉर्मॅलिनचा, गोठवलेला: जठरातलं द्रव्य, यकृत, मूत्रपिंड, लघवी, रक्त, अर्धा मेंदू, विषासाठी. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की विषाची तपासणी तिथेच संपते. मी स्वतः अशा बरण्या परत पाठवल्या आहेत, मालकाचा चेहरा बघवत नाही.

कुत्रं जिवंत असेल तर आधी गार करा, मग गाडीत घाला. नळाचं पाणी अंगभर ओता, पंखा लावा, ताप १०३ वर आला की थांबा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. विषाची शंका असेल तर मिठाचं पाणी, दूध, तेल यातलं काहीही पाजू नका. मिठाच्या पाण्यानेच मेलेली कुत्री मी पाहिली आहेत.

तुमच्या पत्राच्या शेवटी, जवळपास जाता जाता, लिहिलंय की घरात मोती नावाचं चार महिन्यांचं पिल्लूही आहे, त्या दिवशी ते बहिणीकडे होतं, आणि पुढच्या आठवड्यापासून तुम्ही पुन्हा कामावर जाणार आहात. त्याला त्या शेडखाली बांधू नका. उद्या दुपारी अडीच वाजता एक साधं भिंतीवरचं थर्मामीटर घेऊन तिथे जा, ते जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे झोपलेल्या कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, पंधरा मिनिटं धरा. तळहात फरशीवर टेकवून बघा किती वेळ ठेवता येतो. दोन्ही आकडे आणि सीरमचं काय झालं ते मला कळवा.